तूच हस

१

माझं काम आवाज पुसायचं.

ऐकायला मोठं वाटतं, पण काम साधं. काकांच्या कारखान्यात मेणाची नळकांडी असत, मुठीत धरता येतील एवढी. गाणारा भोंग्यात तोंड घालून गायचा. भोंग्याच्या निमुळत्या टोकाला डबी, डबीला सुई, ती सुई फिरत्या मेणावर रेघ ओढत जायची. तीच रेघ दुसऱ्या सुईनं वाचली की गाणं परत ऐकू यायचं. नळकांडं झिजलं, किंवा गाणाऱ्याला मधेच ठसका लागला, की ते माझ्याकडे. मी ते तासणीवर चढवायचे, पातं टेकवायचे, मेणाचा कीस निघायचा आणि नळकांडं पुन्हा कोरं. एकदा तासलं की गेलं. कितीही गोड गळा असो, शेवटी माझ्या केरसुणीत.

काका म्हणजे कुणाचेच काका नव्हेत. आधी घड्याळं दुरुस्त करायचे. बोलतं यंत्र आमच्याकडे पहिल्यांदा त्यांनीच बनवलं तेव्हा लोक त्यांना हसले, म्हणून त्यांनी हसणंच विकायला काढलं. "गाणं कुणाला आवडेल, कुणाला नाही आवडणार," ते म्हणायचे, "हसू मात्र हसूच. दुसऱ्याचं ऐकून आपलं सुटतं." त्यासाठी त्यांनी एक माणूस ठेवला होता. त्याला सगळे हसरे म्हणत. हा बाबा सकाळपासून भोंग्यासमोर उभा राहून हसायचा. एका नळकांड्यावरून दुसरं करायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून पाच यंत्रं ओळीनं मांडायची, पाच भोंगे त्याच्या तोंडावर रोखायचे आणि तो एकदा हसला की पाच नळकांडी भरायची. मग पुन्हा पाच. संध्याकाळी घरी जाताना त्याचं तोंड असं, जसं काही कुणाला पोचवून आलाय.

"वहिनी, जबडा दुखतो हो," ते म्हणायचे. "घरी बायको विनोद सांगते, तर मी तिला हात जोडतो."

भोंगे बनवायचे आमच्या ह्यांनी. पत्र्याचं काम करणारा त्यांच्यासारखा हात नव्हता. एकदा एक भोंगा भलताच रुंद झाला. काका ओरडणार, तेवढ्यात ह्यांनी तो आडवा कापला, आत गोधडी अंथरली आणि आमच्या लेकीचा पाळणा केला. तासणीच्या बाजूला तो ठेवायचा, आणि त्यात ती. म्हणून तर मला कामावर येता यायचं.

ती आठ महिन्यांची होती आणि अजून हसली नव्हती.

रडायचीही नाही. रडायचं तोंड करायची, पाणी यायचं, आवाज नाही. डॉक्टरांनी तिच्या कानाशी टाळी वाजवली, तिनं मान वळवली नाही. "थांबा," ते म्हणाले. थांबा म्हणजे काय, किती, कशासाठी, हे विचारायचा मला धीर झाला नाही. सासूबाई तिला मौनी म्हणायच्या. वाईट मनानं नव्हे, पण मला ते सुईसारखं टोचायचं. हे तिला राणीसाहेब म्हणायचे. "राणीसाहेबांना प्रजेशी बोलायचं नाहीये, एवढंच," असं म्हणून खोलीबाहेर जायचे आणि बराच वेळ पत्रा ठोकत बसायचे. ठोकण्यासारखं काही नसलं तरी.

२

काका आणि हसरे चहाला गेले होते. मी म्हटलं, आपल्याला कुठे कोण बघतंय. हसऱ्यांचं एक चांगलं नळकांडं यंत्रावर चढवलं, भोंगा पाळण्याकडे वळवला, चावी दिली आणि सुई टेकवली. एवढं हसू कानावर पडलं तर एखादा थेंब तरी आत जाईल.

भोंग्यातून काहीच आलं नाही.

मी पाळण्यावर वाकले. "हस ना गं राणी," म्हटलं. "हस. एकदाच हस." ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे हे एवढे, ओठ मिटलेले. मी तिच्या ओठांवरून नजर काढली नव्हती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मीच मला शंभरदा विचारलंय.

मग माझं लक्ष यंत्राकडे गेलं. सुईखालून मेणाचा बारीक कीस निघत होता.

आमच्याकडे दोन डब्या असत. एक लिहिती, एक वाचती. दिसायला जुळ्या बहिणी. लिहितीची सुई धारदार, वाचतीची गोल, बाकी सगळं सारखं. मी वाचतीच्या जागी लिहिती लावली होती! म्हणजे हसरे पुसले गेले आणि त्यांच्यावर आमची गप्प खोली लिहिली गेली. चांगला माल मी नासवला होता. काका यायच्या आत तासून टाकावं म्हणून मी नळकांडं काढलं. पण काढता काढता वाटलं, हसऱ्यांचं थोडंफार उरलंय का बघू. वाचती डबी लावली.

खरखर. मग मी. "हस ना गं राणी. हस. एकदाच हस." आपला आवाज बाहेरून ऐकला की तो दुसऱ्याच बाईचा वाटतो. किती घाबरलेली आहे ही, असं मला वाटलं.

आणि मग कुणीतरी हसलं.

लहान मूल. गुदगुल्या झाल्यासारखं, श्वास अडकून पुन्हा सुटल्यासारखं खुदखुदलं. माझ्या अगदी जवळ.

मी खिडकीकडे गेले. काचेची खिडकी, बंद. मेणाला वारा लागू नये म्हणून ती नेहमीच बंद असायची. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हसऱ्यांचं जुनं हसू खाली राहिलं असेल? पण ते तर म्हशीनं अंग झाडावं तसं. हे तसं नव्हतं. मी पुन्हा लावलं. पुन्हा मी, पुन्हा ते खुदखुदणं. पाळण्यात ती तशीच, ओठ मिटून, भिंतीवरचा कवडसा बघत.

भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मी तिला उचललं आणि तासणीभोवती, यंत्रांभोवती, मेणाच्या पेट्यांभोवती गोल गोल नाचले. आतमध्ये हसू आहे! बाहेर येत नाही एवढंच. आपले कान कमी पडतात एवढंच.

काका दारात उभे होते. "पोरी," ते म्हणाले, "माल नासवून नाचणारी तू पहिलीच."

३

काकांनी ते ऐकलं. मग डबी काढून पाहिली, भोंग्यात डोकं घालून पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. टेबलाखाली काय असणार? पण मीही त्यांच्यामागून वाकून पाहिलंच.

"कान हा बावळट अवयव," शेवटी ते म्हणाले. त्यांचे डोळे चकाकत होते. "मेण हुशार. पुन्हा करू."

कोरं नळकांडं चढलं. हसऱ्यांना दम दिला की श्वाससुद्धा नाकानं घ्यायचा. मी पाळण्यावर वाकून तेच म्हणाले, "हस ना गं राणी." खोली गप्प. मग वाचती डबी, आणि माझ्या आवाजामागून ते हसू. या वेळी हसण्याच्या शेवटी शब्दही आले. अगदी स्पष्ट.

"तूच हस!"

हसरे मटकन खाली बसले. "झालं," ते म्हणाले, "माझ्या पोटावर पाय आला. हिच्यापुढे मला कोण विचारतो?" आणि मग ते स्वतःहून, फुकट हसायला लागले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ह्यांना हाक मारली. हे हातोडी घेऊनच आले. त्यांनी दोन्ही कान भोंग्याला लावले, एक झाला की दुसरा. "ऐकलंत?" मी म्हटलं. ते म्हणाले, "उलट बोलली. पहिलाच शब्द उलट उत्तर. तुझ्यावर गेली." आणि नाक पुसलं.

संध्याकाळच्या आत सासूबाई आल्या. त्या कारखान्यात कधी पाऊल टाकत नसत, मेणाच्या वासानं त्यांचं डोकं धरायचं. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "आणखी एकदा."

"गोड आहे ना?" मी विचारलं.

"गोड आहे. पण हिला दात आहेत."

"काय?"

"'हस' म्हणतेय ती. 'स' बघ कसा शिट्टीसारखा येतोय. दात नसले तर तो असा येत नाही गं. मला विचार." त्यांनी आपल्या रिकाम्या तोंडाकडे बोट केलं. त्यांचे सगळे दात कधीच गेले होते. "आपल्या मौनीला एक तरी दात आहे का?"

मी लेकीच्या हिरडीवरून बोट फिरवलं. मऊ, गुलाबी, ओली. काही नाही.

"अहो, यंत्रात होतं तसं," काका म्हणाले. "यंत्र जरा वेगानं फिरलं की आवाज बदलतो."

"बदलतो, पण दात येतात होय?" सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मीही. पण त्या रात्री लेकीला पाजताना मी दोनदा तिच्या तोंडात बोट घातलं. ती चावते की काय, असं उगीच वाटत होतं.

४

दुसऱ्या दिवशी काकांनी पाचही यंत्रं मांडली. हसऱ्यांची जागा त्या दिवशी राणीसाहेबांची. पाळणा टेबलावर, आणि त्यावर वाकलेले पाच भोंगे, जशी काही फुलंच तिचं तोंड बघायला आलीयत. सकाळची वेळ, ऊन थेट आत. पत्रा एवढा चमकत होता की ती डोळे मिचकावत होती. इतकी छान दिसत होती. हे दाराशी, सासूबाई खुर्चीत, हसरे तोंडावर रुमाल धरून. लग्नघरासारखा उल्हास होता.

काकांनी एकेक चावी दिली. पाच सुया टेकल्या. मी वाकले. "हस ना गं राणी," म्हटलं. "हस. एकदाच हस."

कुणी हललं नाही. पाच सुयांचा किस किस असा आवाज, बाकी शांत. ती माझ्याकडे बघत होती.

मग ऐकायची वेळ आली. पहिल्या यंत्रावर वाचती डबी. माझा आवाज, मग कालचीच ती चिमुरडी, "तूच हस!" काकांनी टाळी वाजवली. ते नळकांडं काढून टेबलावर उभं केलं.

दुसरं. माझा आवाज तोच. हसू तिचंच, पण लांब पायांच्या मुलीचं. धावत आलेली. "तूच हस," आणि फ्रॉकच्या घेरातून वारा जावा तसं काहीतरी. काकांची टाळी जरा उशिरा पडली.

सांगते, तेव्हाही मी मनाशी म्हटलं, वेग. यंत्र हळू फिरलं असेल. पण वेग कमी झाला असता तर माझाही आवाज जाड झाला असता. मी तर तीच, तशीच, घाबरट.

तिसरं. त्यात एक तरणी बाई हसत होती. तोंडावर हात धरून, थांबवता येत नसल्यासारखी. "आई, पुरे. तूच हस." ह्यांची हातोडी खाली पडली. मला मात्र काय झालं, मी आनंदानं रडायला लागले. तिनं मला आई म्हटलं होतं. माझी मुलगी मोठी होणार होती, बोलणार होती, अशी पोट धरून हसणार होती! डॉक्टरांच्या 'थांबा'चं उत्तर माझ्यापुढे फिरत होतं.

"चौथं लावा," मीच म्हटलं.

चौथ्यात हसू हळू होतं. मधे दम घेत, घशात काहीतरी घरघरत, पण खट्याळ. मग शब्द आले. "तूच हश."

काका उडालेच. "ऐकलंत? बिनदातांचा! आता बोला आजी! ही आपली मौनीच, दात नाहीत हिला! मी म्हणत होतो, यंत्राचाच दोष!"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी हात आपल्या तोंडावर ठेवला होता. त्या ओठांनी, आवाज न करता, तेच म्हणून बघत होत्या. हश. हश.

"सासूबाई," मी म्हटलं.

"खूप वय झालंय गं तिचं," त्या म्हणाल्या. "माझ्याहून जास्त." मग त्यांचा चेहरा उजळला. "पण हसतेय बघ. मजेत आहे."

कुठल्या आईला आपली लेक म्हातारी झालेली ऐकायला मिळते? मला मिळाली. माझ्यापेक्षा तिपटीनं मोठी माझी मुलगी, दात पडलेली, माझी थट्टा करणारी. मी सासूबाईंच्या गळ्यात पडले. हसरे नाचले. काकांनाही उशिरा कळलं, आणि कळल्यावर ते खुर्चीवरच चढले.

खुर्चीवरून त्यांना पाचवं यंत्र दिसलं.

५

"राहिलंय एक," ते म्हणाले आणि उतरले.

मी मधे उभी राहिले. "नको."

"अगं, नको काय? इतकं झाल्यावर शेवटचं सोडायचं?"

"चौथ्यात ती एवढी म्हातारी झाली, काका. मग पाचव्यात काय?"

खोलीतल्या सगळ्यांनी पाचव्या यंत्राकडे पाहिलं. काळंसर मेण, वर कालच्यासारखीच रेघ. वरून बघून काय कळणार?

"कोरं असेल," काका हळू म्हणाले.

"तेच तर."

"मग तासून टाक. तुझंच काम आहे. ऐकायचंच नाही."

मी ते नळकांडं काढून हातात घेतलं. तासणी चार पावलांवर होती. पण एकदा तासलं की गेलं. काय गेलं असतं? किती वर्षं असतील त्या रेघेत, थोडी की पुष्कळ, मला काय ठाऊक? ऐकायची छाती नाही, पुसायची नाही. मी ते छातीशी धरलं. हातांच्या उबेनं मेण मऊ पडतं हे मला माहीत होतं, म्हणून धड घट्टही धरवेना.

"दे इकडे, वितळवशील," म्हणून काकांनी हात घातला.

"काका, सोडा!"

"अगं, तू सोड!"

आम्ही दोघं ते ओढत होतो, चिंधीची बाहुली ओढणाऱ्या पोरांसारखे. हे "अहो, अगं" करत मधे आले. आणि ते सटकलं. फरशीवर पडलं, आणि काचेची बरणी फुटावी तसे त्याचे तुकडे पाळण्याखाली गेले.

मी तुकड्यांकडे पाहिलं नाही. मी पाळण्याकडे पाहिलं, छाती हलतेय का ते.

ती हसली.

मोठ्यानं. खोलीत, उन्हात, माझ्या या कानांना ऐकू येईल असं. हिरड्या दाखवून, पाय झाडून, उचकी लागेपर्यंत हसली. भोंग्यातून नाही, मेणातून नाही. सासूबाई "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत राहिल्या. मी तिच्या पोटावर तोंड ठेवलं तर ते हसण्यानं उडत होतं.

थांबली. डोळे वाट बघू लागले. हसऱ्यांनी तासायच्या टोपलीतलं एक नासकं नळकांडं उचललं आणि फरशीवर आपटलं. ती पुन्हा खिदळली.

मग काय विचारता! "फोडा!" काका ओरडले. "आयुष्यभर लोकांना हसू विकलं, आज फुकट!" ठसका लागलेले गवई फुटले, बेसूर बासरी फुटली, हसऱ्यांनी स्वतःची हसणी एकामागून एक आपटली आणि प्रत्येक वेळी वाकून नमस्कार केला. सासूबाईंनीसुद्धा एक फोडलं, डोळे मिटून. प्रत्येक फुटण्याबरोबर तिचं हसू वर चढत होतं. मी हसत होते, रडत होते, पायाखाली मेण चुरत होतं. मनात एकच विचार नाचत होता: पाचवं फुटलं आणि हिचं हसू सुटलं. म्हणजे ती वर्षं मोडली नाहीत. मेणात अडकली होती, ती मोकळी झाली. असंच असणार. मेण फुटलं म्हणून कुणाची वर्षं फुटतात का?

टोपली रिकामी झाली.

तिचं हसू ओसरलं. ओठ मिटले. अगदी पहिल्यासारखे मिटले, जसं काही हा सगळा सोहळा कधी झालाच नाही. हे पाळण्याशी वाकले. "राणीसाहेब? आणखी हसा ना?" त्यांनी कानाशी टाळी वाजवली. तिनं मान वळवली नाही. हसली होती ना? सगळ्यांनी ऐकलं होतं ना? की हेही सगळं आत, आणि बाहेर काहीच नाही?

ती बघत होती, पण आमच्याकडे नाही. टेबलाकडे. तिथे ती चार नळकांडी उभी होती, ऐकली त्या क्रमानं.

"घाबरू नकोस," हे म्हणाले. त्यांना भान नव्हतं, चेहरा हसून हसून लाल झाला होता. "आहेत की अजून. राणीसाहेब, देऊ एखादं?"

"नको हो," मी म्हटलं. "ती नकोत."

तिनं हात पुढे केला. आठ महिन्यांत तिनं कशासाठीच हात पुढे केला नव्हता.

"दे," ती म्हणाली.

हे आनंदानं ओरडलेच. काकांनी हसऱ्यांना मिठी मारली. बोलली, बोलली! लहान मुलं आधी 'दे'च म्हणतात, त्यात काय नवल? पण सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या, कारण तो आवाज त्यांनीही ओळखला होता. दम घेतलेला, घशात घरघर, आणि खट्याळ.

"दे ना गं," ती म्हणाली, आणि तिचं रिकामं गुलाबी तोंड हसायच्या तयारीनं उघडलं.

किती वाट बघितली होती मी त्या तोंडाची. मी टेबलाकडे हात नेला. कुठलं हाती लागलं, ते मी पाहिलं नाही.